१ टीबीची जुनी हार्डडिस्क पिवळी दाखवतेय, ४ टीबीवर डेटा सुखरूप कसा न्यायचा?

छपाईवाला_सांगली

नमस्कार मंडळी. छापखान्यातल्या डेस्कटॉपचा डेटा नवीन डिस्कवर न्यायचाय, पण कॉपी मधेच अडकते. आधी सगळी माहिती देतो.

विंडोज १०. सी ड्राइव्ह वेगळ्या २४० जीबीच्या एसएसडीवर आहे, ती ठणठणीत आहे. डी आणि ई दोन्ही एकाच १ टीबीच्या ३.५ इंची सॅटा हार्डडिस्कवर, मिळून ६४० जीबी भरलेले. डीमध्ये पेजमेकर आणि कोरलड्रॉची कामं : लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक. बरीचशी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत. ईमध्ये फोटो, स्कॅन आणि टॅलीचा डेटा. नवीन डिस्क ४ टीबीची, २.५ इंची, यूएसबीवर चालणारी पोर्टेबल.

सगळं सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट केलं की काही वेळ बरं चालतं, मग वेग शून्यावर येतो आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'चा एरर येतो. काही फोल्डरांना 'फाईलचं नाव फार लांब आहे' असंही म्हणतो, आणि ती फाईल जुन्या डिस्कवर तर व्यवस्थित उघडते.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळा 'कॉशन' आहे. ०५ समोर शून्य, सी५ आणि सी६ समोर १८, सी७ समोर शून्य.

प्रश्न असे : कट-पेस्ट करू की कॉपी? संगणक दुरुस्तीवाले म्हणतात आधी चेकडिस्क 'स्लॅश आर' लावून चालवा, चालवू का? ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबीच दाखवते, फसवणूक तर नाही ना? आणि फॉन्टांचं काय करायचं?

---

चकती_पंडित

सगळ्यात आधी : चेकडिस्क चालवू नका. 'ड्राइव्ह स्कॅन करून दुरुस्त करू का' अशी पट्टी विंडोज स्वतःहून दाखवेल, तिलाही नकार द्या.

कारण सांगतो. चेकडिस्क 'स्लॅश आर'ने पूर्ण डिस्क वाचत जातं, म्हणजे रिकाम्या जागेसकट ९३१ जीबी. आजारी डिस्कवर तेवढं वाचन आधीच परवडत नाही. शिवाय त्याला फाइल सिस्टीम सुसंगत करायची असते, तुमची फाईल वाचवायची नसते. जो भाग वाचता आला नाही तो सोडून देतं, तुटलेल्या नोंदी कापतं आणि ते बदल त्याच मरू घातलेल्या डिस्कवर लिहितं. चेकडिस्क डेटा बाहेर काढून झाल्यावरचं काम आहे, आधीचं नाही.

आता आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू मुळात सोळाच्या पद्धतीत दाखवतो, म्हणून तुमचे '१८' म्हणजे आपले २४. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन '१० डीईसी' निवडा, म्हणजे साधे आकडे दिसतील. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा जागेचा छोटा तुकडा) : डिस्कला वाचता आले नाहीत, पण अजून बाद केलेले नाहीत असे. ०५ म्हणजे बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर दिलेले. तुमचं ०५ शून्य आहे, म्हणजे त्या २४ जागांवर अजून काही नवं लिहिलं गेलेलं नाही. लिहिलं की डिस्क ठरवेल, जागा ठीक आहे की बदलायची. सी७ वाढलेलं असतं तर केबलवर संशय घेता आला असता. ते शून्य आहे, तेव्हा दुखणं चकतीतच आहे.

२४ हा आकडा भयंकर नाही. तो वाढतोय का, हे महत्त्वाचं. कॉपीच्या प्रत्येक टप्प्यानंतर बघा. २४ चे २६ झाले तर चालू द्या. शंभराच्या पुढे पळायला लागला, डिस्क 'माय कम्प्युटर'मधून गायब व्हायला लागली किंवा लयीत टकटक आवाज आला, तर लगेच बंद. टकटक म्हणजे हेडचं दुखणं. तिथून पुढे क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याचंच काम. फ्रीजरमध्ये ठेवण्याचे जुगाड नकोत, बाहेर काढल्यावर चकतीवर दव जमतं.

कट-पेस्ट अजिबात नको. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर 'कट' म्हणजे विंडोज प्रत्येक फाईल कॉपी करून मूळ पुसत जातं. मधे लाईट गेली की अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि कुठलं कुठे हे शोधत बसा. पुसणं म्हणजे आजारी डिस्कवर लिहिणंही आलंच.

३.६३ ची फसवणूक नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १० चा १२ वा घात मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं पण नाव टीबीच लावतं. त्यामुळे १ टीबी ९३१ जीबी दिसते आणि ४ टीबी ३.६३. खरी फसवणूक १६ टीबी म्हणून दीड-दोन हजारांत विकल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हएवढ्या डिस्कांत असते. आत छोटं कार्ड असतं, भरलं की जुन्या डेटावरच नवं लिहितं. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं साधन पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं.

कामाचा क्रम आकारावर नाही, किमतीवर लावा. आधी टॅली, मग ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही अशी चालू कामं, मग फोटो, मग स्कॅन. सिनेमे आणि सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली शेवटी, किंवा सोडूनच द्या. डिस्कमध्ये किती वाचन शिल्लक आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, ते फालतू फायलींवर घालवू नका.

साधन : विंडोजमध्येच रोबोकॉपी आहे. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. कमांड खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं टाका (डी म्हणजे जुनी डिस्क, एफ म्हणजे नवी) :

रोबोकॉपी डी:\कामे एफ:\डी\कामे /ई /कॉपी:डीएटी /डीकॉपी:डीएटी /आर:० /डब्ल्यू:० /एक्सजे /युनिलॉग:सी:\लॉग१.टीएक्सटी /टीईई

'ई'ने रिकाम्या फोल्डरांसकट सगळी उतरंड येते. 'डीएटी' म्हणजे डेटा, ॲट्रिब्यूट आणि तारखा. एक्सप्लोररने कॉपी मारली की 'क्रिएटेड' तारीख आजची होते, इथे जुनीच राहते. 'आर' आणि 'डब्ल्यू' विसरलात तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका खराब फाईलपाशी ते महिनोन्‌महिने बसेल, आणि डिस्कचं डोकं त्याच जागेवर आपटत राहील. 'एक्सजे'ने जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारे दुवे) वगळली जातात, नाहीतर यूझर फोल्डरमधल्या 'माय म्युझिक', 'माय पिक्चर्स'वर नाहक 'ॲक्सेस डिनाइड' येत राहतं. आणि तुमची फायलींची नावं देवनागरीत असतील तर साधा 'लॉग' नको, 'युनिलॉग'च हवा. साध्या लॉगमध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

'मिर' हा स्विच कुठल्याही लेखात दिसला तरी वापरू नका. स्रोतात जे नाही ते नव्या डिस्कवरून पुसतो. स्रोत चुकीचा टाकला की आधी नेलेलं सगळं साफ.

---

टर्मिनलवाली

पंडितांचा क्रम बरोबर आहे, पण सी५ शून्य नसताना फाईल-फाईल कॉपी करण्यापेक्षा मी आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाईलमधली जशीच्या तशी नक्कल, घ्यायला सांगेन. फोल्डरप्रमाणे कॉपी करताना डोकं चकतीभर इकडून तिकडे उड्या मारतं, इमेज सरळ रेषेत वाचली जाते. डिस्क मधे मेली तर जितकं वाचलं तितकं हातात राहतं.

सिस्टमरेस्क्यू (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) पेनड्राइव्हवर घाला आणि त्यावरून बूट करा, खराब डिस्क वाचून काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू त्यात असतंच. जुनी डिस्क मदरबोर्डच्या सॅटा पोर्टवरच ठेवा. यूएसबी ॲडॉप्टरमधली चिप वाचनाचा एरर आला की अडकते आणि डिस्कच नाहीशी होते.

आधी 'एलएसबीएलके'ने मॉडेल आणि आकार बघून कुठली डिस्क एसडीए, कुठली एसडीबी ते कागदावर लिहा. स्रोत आणि लक्ष्य उलटं झालं तर जुना डेटा तिथेच संपला. जुनी डिस्क माउंट करायचीच नाही, म्हणजे तिचे फोल्डर उघडण्यासाठी जोडायचे नाहीत. मग दोन फेऱ्या :

डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/नवी/जुनी.आयएमजी /एमएनटी/नवी/जुनी.मॅप

डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/नवी/जुनी.आयएमजी /एमएनटी/नवी/जुनी.मॅप

पहिल्या फेरीत सोपं सगळं उचललं जातं, खराब जागांभोवती खरवडणं टाळलं जातं. दुसरीत फक्त उरलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न. मॅप फाईल म्हणजे हिशेबाची वही : लाईट गेली, मशीन बंद पडलं तरी तीच कमांड परत द्या, थांबलं होतं तिथून पुढे चालतं. ती पुसली तर पहिल्यापासून सुरू. ४ टीबीवर ९३१ जीबीची इमेज आणि वर ६४० जीबीच्या सुट्या फायली आरामात मावतात.

इमेज विंडोजमध्ये ७-झिपने उघडते, आतली पार्टिशनं आणि एनटीएफएसचे फोल्डर दिसतात. हवं ते बाहेर ओढा.

---

चकती_पंडित

@टर्मिनलवाली, डिस्क हळू झाली असती किंवा मधेच गायब होत असती तर मीही इमेजच सांगितली असती. इथे २४ सेक्टर आहेत आणि ३०० जीबीच्या आसपास रिकामी जागा आहे, ती कशाला वाचायची? शिवाय लिनक्सची सवय नसलेल्या माणसाने एसडीए-एसडीबीत गल्लत करण्याचा धोका मला त्या २४ सेक्टरांपेक्षा मोठा वाटतो. टॅली आणि चालू कामं रोबोकॉपीने अर्ध्या तासात बाहेर निघतील. ती निघाली की मग इमेज घ्या, माझी हरकत नाही.

---

टर्मिनलवाली

टॅली आधी काढून घ्या, हे मान्य. बाकीच्याबद्दल सी५ चा आकडा ठरवेल.

---

दुसरी_प्रत

कॉपीबद्दल वर झालंच आहे. नवीन डिस्कचं आणि पडताळणीचं सांगतो, तिथे बहुतेक जण घाई करतात.

फॉरमॅट : पोर्टेबल डिस्क बऱ्याचदा एक्सफॅटमध्ये येते. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस करा. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आधी नोंद ठेवणारी वही) नाही, वायर निसटली तर फोल्डरच्या फोल्डर गडबडू शकतात. दुसरं म्हणजे एवढ्या मोठ्या डिस्कवर त्याचा क्लस्टर, म्हणजे फाईलला जागा देण्याचा सर्वांत छोटा तुकडा, मुळात १२८ केबीचा असतो. ५ केबीची फाईलसुद्धा १२८ केबी अडवते. अशा एक लाख फायली असल्या तर एनटीएफएसच्या ४ केबी क्लस्टरवर सुमारे ८०० एमबी लागतील, एक्सफॅटवर १२ जीबीच्या वर. मॅकवाल्यांशी डिस्कची देवाणघेवाण असेल तरच एक्सफॅट. मॅक एनटीएफएस वाचतो, पण मुळात लिहीत नाही. फॅट३२ चा विचारच नको, ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही. पार्टिशनची पद्धत जीपीटी हवी, एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढा. पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं आणि तपासतं, सेकंदाला ११० एमबीच्या हिशेबाने ४ टीबीला दहाएक तास लागतात. संध्याकाळी लावा, सकाळी होईल. नवी डिस्क नवी आहे म्हणून चांगलीच असते असं नाही. फॉरमॅटनंतर तिचेही ०५, सी५, सी६ शून्यच आहेत ना ते बघा. नसतील तर वॉरंटी आहे तोवर बदलून घ्या. पण हे तेव्हा, जेव्हा जुनी डिस्क बंद ठेवता येते. सी५ वाढत असेल तर क्विक फॉरमॅट करून आधी डेटा काढा.

वेग : निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा. काळ्या यूएसबी २ वर सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतात, ६४० जीबीला पाच ते सहा तास. यूएसबी ३ वर मोठ्या फायलींना दोन तासांच्या आत होतं. लहान फायलींचे ढीग असले की दोन्हीकडे रखडतं. आणि २.५ इंची पोर्टेबल बहुधा एसएमआर पद्धतीच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) असतात : पहिले काही जीबी झरझर लिहितात, मग वेग १०-२० एमबीवर येतो. ते बघून घाबरून वायर काढू नका, डिस्क आतल्या आत आवराआवर करत असते.

डेस्कटॉप इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर हवा. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर', यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. एक्सप्लोरर कॉपी सुरू करतानाच फाईलची पूर्ण जागा अडवतो, त्यामुळे मधे लाईट गेली तर पूर्ण आकाराची पण आत पोकळ अशी फाईल मागे राहू शकते. आकार बघून ती ओळखू येत नाही. रोबोकॉपी अर्धवट फाईलवर १९८० सालची तारीख ठेवतं आणि तीच कमांड परत दिली की ती फाईल नव्याने घेतं, झालेल्या वगळतं.

आता पडताळणी. रोबोकॉपी फाईल लिहितं, लिहिलेलं परत वाचून बघत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या आणि 'साइझ' जुळवणं ही पहिली पायरी. 'साइझ ऑन डिस्क' जुळवू नका, क्लस्टर वेगळा असला की तो आकडा वेगळाच येणार. पण संख्या जुळली म्हणजे आतला मजकूर जुळला असं नाही.

निरोगी डिस्क असती तर सोपं होतं : फ्रीफाइलसिंकमध्ये 'फाइल कंटेंट' निवडून दोन्ही बाजू बाइट-बाइट ताडून बघायच्या. तुमच्याकडे अडचण अशी की त्यासाठी जुनी डिस्क दुसऱ्यांदा पूर्ण वाचावी लागते. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरांसाठी टेराकॉपी वापरा आणि 'व्हेरिफाय' चालू ठेवा. ते कॉपी करतानाच स्रोताचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवतं, नंतर फक्त नवीन डिस्क वाचून जुळवतं. जुन्या डिस्कला एकच फेरी पडते. हिरवी खूण आली ती फाईल झाली. लाल आली तिचं नाव उतरवून ठेवा.

आणखी एक बारकावा. कॉपी संपल्या संपल्या पडताळणी केली तर शेवटचे काही जीबी विंडोज रॅममधूनच वाचून दाखवतं, डिस्कवर खरंच उतरलेत का हे कळत नाही. 'सेफली रिमूव्ह' करा, वायर काढा, परत लावा, मग वाचायला लावा. टॅलीसारख्या लहान फोल्डरला हे हमखास लागू होतं, कारण ते अख्खंच रॅममध्ये मावू शकतं.

---

मात्रा_वेलांटी

'नाव फार लांब'चं कोडं सोडवतो.

विंडोजमध्ये पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या शेपटीपर्यंत, मुळात २६० च्या आत लागतो. मोजणी आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांची नसते. 'कार्यक्रम' आपल्याला चार अक्षरी दिसतो, संगणक काना, हलन्त सगळं वेगळं मोजून ९ धरतो. 'वार्षिक सर्वसाधारण सभा अहवाल अंतिम दुरुस्त प्रत' अशी नावं तीन फोल्डर खोल गेली की मर्यादा केव्हाच ओलांडते. जुन्या डिस्कवर ती फाईल उघडत होती कारण तिथला पत्ता छोटा होता. नव्या डिस्कवर तुम्ही 'जुन्या संगणकाचा संपूर्ण डेटा' अशा कुठल्या तरी फोल्डरात टाकत असणार, तेवढी लांबी वर चढली. उपाय : नव्या डिस्कवर 'एफ:\डी' आणि 'एफ:\ई' एवढीच नावं ठेवा. रोबोकॉपीला लांब पत्ते चालतात, पण त्याने नेलेली फाईल पुढे पेजमेकरला उघडेलच असं नाही.

हाच डेटा कधी लिनक्सवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवर) गेला तर मर्यादा वेगळी : तिथल्या ईएक्सटी४ फॉरमॅटवर एका नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, मात्रा-वेलांट्या धरून. देवनागरी नावांच्या फायली जुन्या झिप सॉफ्टवेअरने बांधून नेऊ नका, उघडल्यावर नावांचा पार चुथडा होतो. बांधायच्याच असतील तर ७झेड फॉरमॅटमध्ये.

फॉन्ट : डी ड्राइव्ह पूर्ण नेला तरी फॉन्ट त्यात येत नाहीत, ते सी:\विंडोज\फॉन्ट्समध्ये असतात. विंडोज १० मध्ये एकाच यूझरपुरते बसवलेले फॉन्ट त्या यूझरच्या ॲपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\फॉन्ट्समध्ये जातात. दोन्ही ठिकाणं घ्या. एक्सप्लोररमध्ये फॉन्टचं फोल्डर वेगळंच दिसतं, म्हणून तेही रोबोकॉपीनेच उचला. श्रीलिपी, आयएसएमचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. मजकूर आत रोमन चिन्हांतच साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. तोच फॉन्ट, तीच आवृत्ती नसेल तर अख्खा अंक अगम्य रोमन अक्षरांत उघडतो. श्रीलिपीचा डोंगल आणि सेटअपही सांभाळून ठेवा.

पेजमेकरच्या फायलीत चित्रांचा पत्ता 'डी:\...' असा धरलेला असतो. नव्या डिस्कचं अक्षर एफ झालं की प्रत्येक चित्राला 'लिंक सापडत नाही'. सगळी पडताळणी झाल्यावर, जुनी डिस्क काढून, कामं थेट मुळाशी असलेल्या नव्या जागेला डिस्क मॅनेजमेंटमधून परत 'डी' अक्षर द्या, किंवा 'सब्स्ट' कमांडने 'एफ:\डी'ला डी म्हणून दाखवा. पुढच्या कामांसाठी पेजमेकरच्या 'सेव्ह ॲज'मध्ये 'ऑल लिंक्ड फाइल्स' आणि कोरलमध्ये 'कलेक्ट फॉर आउटपुट' वापरलंत तर चित्रं फाईलच्या शेजारीच येतात.

टॅली : कॉपीआधी टॅली पूर्ण बंद करा, नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरही. आधी टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्या, मग डेटा फोल्डरही वेगळं कॉपी करा. मशीनच बदलणार असाल तर जुन्यावर लायसन्स 'सरेंडर' करायला विसरू नका.

---

छपाईवाला_सांगली

सर्वांचे आभार. टॅली, कामं आणि फोटो नेऊन झाले, सी५ अजून २४ च आहे. तीन अडचणी राहिल्यात.

एक, ई ड्राइव्ह मुळापासून 'एफ:\ई'मध्ये नेला. रोबोकॉपी म्हणतं झालं, डिस्कची जागाही भरलीय, पण 'ई' नावाचं फोल्डर दिसतच नाही!

दोन, लॉगच्या शेवटी 'फेल्ड' ११. त्यांत एरर २३ च्या सहा, एरर ५ च्या तीन, एरर ३२ च्या दोन.

तीन, आता रोजचं काम याच पोर्टेबलवर करू का?

---

चकती_पंडित

फोल्डर आहे, लपलेलं आहे. ड्राइव्हचं मूळ हे विंडोजच्या दृष्टीने 'हिडन' आणि 'सिस्टम' असतं, रोबोकॉपीने ते गुण तुमच्या फोल्डरला चिकटवले. कमांड प्रॉम्प्टवर 'ॲट्रिब -एच -एस एफ:\ई' द्या, दिसेल. पुढच्या वेळी मुळापासून नेताना 'डीकॉपी'तून 'ए' काढा, शिवाय 'एक्सडी' लावून 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' आणि रिसायकल बिन वगळा.

एरर ३२ म्हणजे फाईल कुणीतरी उघडून ठेवलीय. सगळं बंद करून तीच कमांड परत द्या. एरर ५ म्हणजे परवानगी नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीतून 'स्लॅश बी' जोडून चालवा, बॅकअप मोडमध्ये परवानग्यांचा अडसर येत नाही. या पाच फायलींना काही झालेलं नाही.

एरर २३ च्या सहाच खऱ्या खराब सेक्टरवर बसल्यात. रोबोकॉपी परत परत मारून त्या येणार नाहीत. आधी बघा, त्यांची दुसरी प्रत कुठे आहे का : कोरलच्या फाईलशेजारी बहुतेक वेळा 'बॅकअप_ऑफ' या नावाने सुरू होणारी आधीची प्रत असते, आणि ग्राहकाला ईमेलने गेलेली पीडीएफ पाठवलेल्या मेलमध्ये असते.

---

टर्मिनलवाली

आणि नसेल तर आता डीडीरेस्क्यू, पण त्या सहा फायलींपुरतंच. अख्खी डिस्क लागत नाही, स्रोत म्हणून एकटी फाईलही देता येते. सिस्टमरेस्क्यूमध्ये ई ड्राइव्ह फक्त वाचनासाठी माउंट करा, म्हणजे 'माउंट -ओ आरओ', आणि डिस्कच्या जागी त्या फाईलचा पत्ता द्या. प्रत्येक फाईलला वेगळी मॅप फाईल. इथे '-डी' गाळा, '-आर३' पुरे.

जे निघेल त्याची अपेक्षा आधीच ठरवून ठेवा. जेपीजीत एखादा सेक्टर गेला तर बहुधा त्या जागेखालचा भाग सरकलेला किंवा रंग बदललेला दिसतो, वरचा वापरता येतो. टिफ स्कॅन कॉम्प्रेस केलेला नसेल तर एखादी रेघच जाते. कोरल एक्स४ पासून पुढची फाईल आतून झिपच असते, तिच्यात भोक मोक्याच्या जागी पडलं तर ती उघडतच नाही. तिची कॉपी करून नावाची शेपटी 'झिप' करा आणि ७-झिपने आतलं जे सुटं निघेल ते काढा.

---

दुसरी_प्रत

पोर्टेबलवर रोजचं काम नको. एसएमआर डिस्क सततच्या लिखाणाला रखडते, वायर सैल झाली की उघडी फाईल खराब होते, आणि मुख्य म्हणजे मग तुमच्याकडे परत एकच प्रत राहिली. डेस्कटॉपच्या आत १ किंवा २ टीबीची सॅटा एसएसडी बसवा, रोजचं काम तिच्यावर. पोर्टेबल बॅकअपला : आठवड्यातून एकदा लावायची, रोबोकॉपी चालवायची, काढून कपाटात, शक्य तर छापखान्याऐवजी घरी. उलटं करू नका, एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवण्याची गोष्ट नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बदलून विंडोज ११ घेतलंत तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालंय का बघा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापून ठेवा. मदरबोर्ड गेला तर तिच्याशिवाय डिस्क दुसरीकडे उघडत नाही.

जुनी १ टीबी फॉरमॅट करू नका. पॉवर आणि सॅटा दोन्ही केबल काढा, वर तारीख आणि 'सी५ = २४' असं लिहून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. एसएसडी आणि पोर्टेबल अशा दोन्ही प्रती पडताळून झाल्या आणि एखादा दिवाळी अंक नव्या डिस्कवरून छापून बाहेर पडला, की मग तिची विल्हेवाट. भंगारात देताना पूर्ण फॉरमॅटवर विसंबू नका, पेंडिंग सेक्टरवर ते अडकू शकतं. ग्राहकांची कागदपत्रं आहेत, तेव्हा चकतीतून ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडून द्या. डोळ्यांना चष्मा लावून, काही २.५ इंची डिस्कांच्या चकत्या काचेच्या असतात.